पहिल्या रसातला पणजोबा

धाकटा आला तो मागच्या दाराने. पुढचं दार सताड उघडं होतं, आप्पांनी सकाळपासून तिथे खुर्ची टाकून वाट बघितली होती, पण हा पठ्ठ्या गल्लीला वळसा घालून, भंगाराची पिंपं ओलांडून, जिथून कामगार येतात तिथून आत शिरला. वहिनी भट्टीपाशी उभी होती म्हणून तिलाच तो आधी दिसला. पूर्वी खांद्यावरून ओघळणारा सदरा आता पोटावर ताणला होता, आणि कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"वहिनी," तो म्हणाला.

"या भावजी," ती म्हणाली आणि उगाचच पळी उचलून पुन्हा ठेवली. सहा वर्षांत पहिल्यांदा दिसलेल्या दिराशी काय बोलावं, हे तिने रात्रभर ठरवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

तो भिंतीकडे बघत होता. भिंतीवर एप्रनच्या खुंट्या होत्या: आप्पांची, थोरल्याची, वहिनीची, रंगारीकाकांची. पाचवी मोकळी होती. तिच्यावरचा एप्रन काढला होता वहिनीनेच, ज्या दिवशी हा गेला त्याच दिवशी. कुणी सांगितलं नव्हतं तिला. नवऱ्याची बाजू घ्यायची म्हटल्यावर अंगात वारं शिरल्यासारखी ती घेत सुटली होती, आणि पुढे त्या एप्रनचे तुकडे करून खेळण्यातल्या गाड्या पुसायला वापरलेही होते. जाड कापड होतं, चांगलं टिकलं.

"आला का?" पुढून आप्पांचा आवाज आला. "मागून आला असणार. मला ठाऊक होतं."

आप्पांना उठवून वहिनीने आत आणलं. त्यांच्यामागोमाग ताई आली आणि सगळ्यांच्या शेवटी थोरला, वहिनीचा नवरा, हात पुसत. दोघे भाऊ एकमेकांसमोर आले. मध्ये ओतकामाचं यंत्र होतं, लांब दांड्याचं, आप्पांनी जुन्या लेथच्या लोखंडातून जोडलेलं. त्याच्या जबड्यात नवा साचा बसवलेला होता, टपालगाडीचा. दोघांनीही आधी साच्याकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे.

"बस," आप्पा म्हणाले.

"उभा आहे तो बरा आहे."

"तुझी बायको नाही आली?"

"नाही म्हणाली."

"बरोबर आहे तिचं," ताई म्हणाली.

थोरल्याने बहिणीकडे बघितलं. "आज बरा पुळका आला तुला, तायडे. तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, याने आणलेल्या जस्ताच्या विटा बघूनच शंका आली म्हणून?"

"म्हणाले होते. मूर्ख होते. माणसाला कधी कधी अक्कल उशिरा येते, तुझीही वाट बघतोय आम्ही."

कोपऱ्यात ब्रश धूत बसलेल्या रंगारीकाकांनी घसा खाकरला. घरच्या भांडणात बाहेरचा माणूस नको म्हणून त्यांना सुट्टी दिली होती, तरी ते आले होते. चाळीस वर्षं या घरच्या गाड्यांना रंग देणारा माणूस स्वतःला बाहेरचा समजत नव्हता आणि त्यांना तसं सांगायची कुणाची छाती नव्हती.

आप्पांनी फार वेळ घेतला नाही. "मी आता थकलो," ते म्हणाले. "हात ऐकत नाहीत. हे वर्कशॉप तुम्हा दोघांच्या हाती देऊन मला मोकळं व्हायचंय. दोघांच्या म्हणतोय मी, ऐकलंस ना रे?" हे थोरल्याला होतं. मग ते धाकट्याकडे वळले. "तू एकच करायचंस. चुकलो म्हणायचं. स्वस्ताच्या नादात भेसळीचा धातू आणला, एवढं कबूल कर. मी माफ केलं. एप्रन घाल आणि कामाला लाग."

धाकटा म्हणाला, "मला माफी नकोय, आप्पा."

"मग आलास कशाला?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून. आणि तुमच्या तोंडून एक ऐकायचंय म्हणून. मी केलं नाही, एवढं तुम्ही म्हणा. मला वर्कशॉप नको. माझं चाव्यांचं दुकान बरं चाललंय. पण माझी पोरगी मोठी झालीय. ती विचारते, आजोबांनी तुम्हाला चोर का ठरवलं. काय सांगू तिला?"

"चोर म्हणालो नव्हतो मी."

"चांगला माल म्हणून भेसळ आणणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?"

वहिनीला वाटलं, आता आप्पा उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी डोळ्यांनीच समोरच्या काचेच्या कपाटाकडे खूण केली, आणि सगळ्यांना सगळं आठवलं, कारण ते कपाट पुसल्याशिवाय या घरात एक दिवस गेला नव्हता.

या वर्कशॉपचा एक नेम होता. नवी गाडी ठरली, साचा कोरून झाला, की वितळलेल्या धातूच्या पहिल्या रसातून निघालेल्या गाड्या बाजारात जात नसत. त्यातल्या काही सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकांना मिळत आणि एक या कपाटात ठेवली जाई. त्या सुमारास घरात मूल जन्मलं असेल तर ती गाडी त्या मुलाची. पहिला रस घरचा, असं आप्पा म्हणत. पुढच्या रसांच्या गाड्या दुकानांत जात, आणि त्यांचं पुढे काय होई ते दुकानदार जाणे.

आणि त्या पहिल्या रसात एक तुकडा पडे, तो पणजोबाचा.

पणजोबा म्हणजे मुठीएवढा एक करडा गोळा. नाव पोरांनी ठेवलेलं, कारण तो घरातल्या सगळ्यांपेक्षा म्हातारा होता. आप्पा तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवत, शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी लावत. छापखाना बसला तेव्हा मालकाने झिजलेल्या अक्षरांची एक पिशवी त्यांच्या हातात दिली. आप्पांनी ती घरच्या चुलीवर वितळवली, प्लास्टरच्या साच्यात ओतली आणि पाळण्यातल्या थोरल्यासाठी एक गाडी केली. चाकं न फिरणारी, ओबडधोबड, पोटाखाली न वितळलेलं एक उलटं अक्षर तसंच राहिलेली. उरलेल्या धातूचा झाला गोळा. पुढे धंदा वाढला, शिसं जाऊन जस्त आलं, यंत्र आलं, पण दर नव्या गाडीच्या पहिल्या रसात आप्पा त्या गोळ्याचा नखाएवढा कपचा छिन्नीने उडवून टाकत. "प्रत्येक गाडीत आपली पहिली गाडी थोडी असली पाहिजे," असं म्हणत. त्यात कुणाला काही गैर वाटायचं कारण नव्हतं. घरातली माणसं ज्या गोष्टी लहानपणापासून बघतात त्यांच्याकडे पुन्हा बघत नाहीत.

मग एक दिवस एक जुने गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर, रुमालात काहीतरी बांधून आले. रुमाल सोडला तर आत त्यांची रुग्णवाहिका, म्हणजे तिचे तुकडे. पडली नव्हती, कुणी हात लावला नव्हता. कपाटातच बसल्या जागी फुगली, तडकली आणि एका सकाळी मोडली. घाबरून इथलं कपाट उघडलं तर रुग्णवाहिकेचं छप्पर पोळीसारखं फुगलेलं, आगीच्या बंबाच्या दारांना जाळीसारख्या भेगा, टॅक्सीचं बॉनेट सुटलेलं. त्या सगळ्या वर्षांत जस्ताच्या विटा आणायचं काम धाकट्याकडे होतं. धातूत भेसळ असली की असं होतं, हे थोरल्याने कुठूनसं ऐकून आणलं. झालं. धाकटा नाही नाही म्हणत राहिला, कुणी ऐकलं नाही, आणि एक दिवस बायकोपोरीला घेऊन तो गेला. तो गेल्यावर थोरल्याने धातू आणायला सुरुवात केली. त्यानंतर दोन नव्या गाड्या झाल्या, बस आणि दूधगाडी. दोन्ही कपाटात होत्या, ओतल्या दिवसासारख्या लख्ख.

"ते बघ," आप्पा आता म्हणाले. "तू होतास तोवरच्या फुटल्या. तू गेलास, फुटायच्या थांबल्या. मी डोळे मिटून घेऊ का?"

धाकटा कपाटाजवळ गेला. रुग्णवाहिका पुढेच होती. ती त्याच्या मुलीची. तिच्या जन्माच्या वेळची. जाताना ती न्यायची राहून गेली होती, किंवा कुणी दिली नव्हती. त्याने काचेवर बोट टेकवलं आणि काढून घेतलं. "मी तेच जस्त आणत होतो," तो हळू म्हणाला. "दादा आज ज्याच्याकडून आणतो त्याच्याचकडून."

"म्हणजे मी खोटा?" थोरला म्हणाला.

"मी तसं म्हणालो नाही. तू म्हणालास."

"आप्पा, हे असंच चालायचं. हा कबूल करणार नाही आणि तुम्ही याला निम्मं देऊन बसाल. खेळण्यांच्या संग्रहालयाने टपालगाडीचा अख्खा पहिला माल मागितलाय. आपलं नाव लिहून काचेत ठेवणार आहेत ते. त्यातली एक जरी तडकली तर आपण बाजारातून उठलो म्हणून समजा. अशा वेळी याच्या हाती धातू द्यायचा?"

आप्पांनी भट्टीकडे बघितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"धातू तू आणलायस ना? तुझा, खात्रीचा? ठीक. मग ओतायचं याने. पणजोबाचा तुकडाही यानेच टाकायचा. तुझं जस्त आणि याचा हात. गाड्या टिकल्या तर मी समजेन, याच्या हातात खोट नव्हती. फुटल्या तर मी असेन नसेन, पण तुम्हाला कळेल. मंजूर?"

"मंजूर," धाकटा लगेच म्हणाला.

"नाही," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. वहिनीनेही. नवऱ्याचे नकार तिला पाठ होते: चिडका नकार, कंटाळलेला नकार, हिशोबी नकार. हा त्यातला नव्हता.

"नाही म्हणजे," तो सावरत म्हणाला, "तो ओतू दे. दांडा तो ओढू दे. पण तुकडा मी टाकतो. गेल्या दोन्ही वेळी मीच टाकला ना? त्याला काही नियम आहे का नाही? थोरल्याने टाकायचा."

"असा नियम मी कधी केला?" आप्पा म्हणाले. "माझा हात कापायला लागला म्हणून तू टाकलास."

"आणि आज घाई कशाला? रस तापला नसेल अजून. उद्या करू."

"रस तयार आहे," वहिनी बोलून गेली. तिचं ते खातं होतं. भट्टीच्या तापमापकाची सुई, रसाचा रंग, वर येणारी मळी, यातलं कुणी तिला शिकवायला जात नसे. "मघापासून तयार आहे. आणखी थांबलं तर जास्त तापेल, अहो."

थोरल्याने तिच्याकडे जे बघितलं ते ती विसरणार नव्हती. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. तो विनवत होता, आणि कशासाठी ते तिला कळत नव्हतं.

आप्पांनी कपाटाच्या खालच्या खणातून पत्र्याचा डबा काढायला लावला. फडक्यात गुंडाळलेला पणजोबा निघाला. वर्षानुवर्षं छिन्नी खाऊन एका अंगाने चांगलाच खंगला होता. धाकट्याने तो ऐरणीवर ठेवला, छिन्नी टेकवली, हातोडीचा हलका ठोका दिला. लोण्यात सुरी जावी तशी छिन्नी आत गेली. नखाएवढा कपचा सुटला. त्याने तो चिमट्यात धरला आणि भट्टीजवळ आला. वहिनीने वरची मळी बाजूला ओढली. खाली रस आरशासारखा लकाकला.

रंगारीकाका ब्रश हातात धरून उभे राहिले होते. ताईने पदर तोंडाशी नेला होता. आणि वहिनीच्या शेजारी तिचा नवरा असा श्वास घेत होता की तिला तो ऐकू येत होता.

"टाकू, आप्पा?"

"टाक."

"थांब!"

थोरला एवढ्या जोरात ओरडला की चिमटा हलला. त्याने पुढे होऊन धाकट्याचं मनगट धरलं. कपचा खाली फरशीवर पडला.

"टाकू नकोस," तो म्हणाला. "त्यानेच फुटतात."

"कशाने?" आप्पांनी विचारलं.

"पणजोबाने." तो कुणाकडेच बघत नव्हता. "शिसं आहे ते, आप्पा. छापखान्याचं शिसं. जस्तात एवढंसं शिसं गेलं तरी ते आतून कुजत जातं. लगेच नाही, वर्षांनी. वरून रंग चांगला राहतो आणि आत पीठ होतं. म्हणून फक्त पहिल्या रसाच्या गाड्या फुटल्या. बाजारातल्या नाही फुटल्या. आपल्याच फुटल्या."

वहिनीला आपला हात अजून मळीच्या पळीवर आहे हे जाणवलं, म्हणून तिने ती नीट टांगून ठेवली. हाताला काहीतरी काम हवं होतं.

धाकट्यानेच विचारलं, आणि फार शांतपणे विचारलं. "तुला कधीपासून माहीत आहे, दादा?"

थोरल्याने त्याचं मनगट सोडलं.

"कधीपासून?"

"तू गेलास त्याच वर्षी. धातूवाल्याच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत, त्यांना डॉक्टरांच्या रुग्णवाहिकेचं दार नेऊन दाखवलं. मला पुरावा हवा होता. तू भेसळ आणलीस याचा. पक्का, कागदावरचा." तो हसल्यासारखं करू बघत होता आणि जमत नव्हतं. "त्या म्हणाल्या, जस्त उत्तम आहे. यात शिसं कुणी टाकलं?"

"आणि बसच्या वेळी? दूधगाडीच्या वेळी? मी बघितलंय, तू तुकडा टाकलास," आप्पा म्हणाले.

"जस्ताचा टाकला. पणजोबाचा मुठीत ठेवला."

वहिनीला एकदम धुण्याची बादली आठवली. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात काय काय निघायचं: स्क्रू, रबरी चाकं, कानशीचा भुगा. तसाच एकदा एक मऊसर करडा कपचा निघाला होता. तिने नख रुतवून बघितलं होतं, नख रुतलं होतं, आणि काय मेलं खिशात भरतात म्हणून तिने तो कचऱ्यात टाकला होता. धातू हातात घेऊन आयुष्य गेलेली बाई ती. जस्तात नख रुतत नाही, हे काय तिला माहीत नव्हतं? तिने विचार केला नव्हता. कारण विचार केला असता तर तो कुठेतरी जाऊन पोचला असता.

"सहा वर्षं," ताई म्हणाली. "सहा वर्षं तू याला किल्ल्या कापत बसवलंस आणि मला याच्या नावाने बोटं मोडू दिलीस."

"आप्पांना काय सांगणार होतो?" थोरला उसळला. "सांग ना! काय सांगायचं होतं? तुम्ही आयुष्यभर ज्याला आशीर्वाद समजत आलात तो विषाचा खडा आहे? नातवंडांच्या गाड्या तुमच्या हाताने कुजल्या? डॉक्टर नुकतेच म्हणाले होते यांना धक्का नको. मी काय करायला हवं होतं?"

"मला वाचवायला," आप्पा म्हणाले, "त्याला विकलंस?"

"आणि वर्कशॉप तुझ्या एकट्याकडे राहिलं ते आपोआपच, नाही का?" ताई म्हणाली.

थोरला एप्रनचा बंद ओढत राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, वहिनीला वाटलं. बापाची काळजीही खरी आणि दुसरंही खरं. पण दोन्ही एकाच दिशेला जात होत्या म्हणून याचं किती सोपं झालं होतं!

"मग आज का थांबवलंत?" तिने विचारलं. सगळ्यांसमोर नवऱ्याला असं विचारायची तिची पहिलीच वेळ. "गप्प राहिला असतात तर भावजींनी तुकडा टाकला असता. गाड्या कधीतरी फुटल्याच असत्या, आणि खापर पुन्हा त्यांच्यावरच फुटलं असतं. तुम्हाला बरंच होतं की."

त्याने तिच्याकडे बघितलं. "संग्रहालयाची ऑर्डर..." तो म्हणाला आणि थांबला. मग खाली पडलेल्या कपच्याकडे बघत म्हणाला, "त्याने चिमटा पुढे केला ना, तेव्हा..." तेही वाक्य त्याने सोडून दिलं.

यातलं कुठलं कारण खरं, ते तिला तेव्हा कळलं नाही. पुढे या माणसाबरोबर राहायचं तर ते न कळताच राहावं लागणार, एवढं मात्र कळलं, आणि तिला त्याचा मनस्वी राग आला.

आप्पा उठले. कुणाचा हात न घेता कपाटापाशी गेले, काच सरकवली आणि धाकट्याच्या मुलीची रुग्णवाहिका उचलली. बेताने उचलली, तरी फुगलेलं छप्पर त्यांच्या अंगठ्याखाली मोडलं आणि आतला करडा चुरा तळहातावर पडला. ते त्याकडे बघत राहिले. शेजारीच त्यांची ती पहिली गाडी होती, चाकं न फिरणारी, नुसत्या शिशाची. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. इतकी वर्षं ती तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, धडधाकट उभी होती.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "बंब मीच, टॅक्सी मीच. पोरीची ही पण मीच."

"आप्पा, बसा," वहिनी पुढे झाली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

ते धाकट्यासमोर जाऊन उभे राहिले. मुलापेक्षा ते आता वीतभर बुटके झाले होते. तळहातावरचा चुरा टाकावा की ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मूठ मिटली.

"मघाशी तुला म्हणालो होतो, चुकलो म्हण आणि एप्रन घाल," ते म्हणाले. "आता मी म्हणतो. चुकलो. तू काही केलं नव्हतंस. पोरीला सांग, आजोबा चुकले. माझं नाव घेऊन सांग." त्यांनी मोकळ्या खुंटीकडे मान केली. "आणि एप्रन घालशील का, ते तू ठरव. माझा हुकूम नाही."

धाकट्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. सहा वर्षं ज्या वाक्यासाठी तो थांबला होता ते हातात आलं होतं, आणि आता त्याला त्याचं काय करावं ते समजत नव्हतं. त्याने वाकून फरशीवरचा कपचा उचलला, गोळ्याशेजारी फडक्यात ठेवला आणि नीट गुंडाळला.

"पणजोबाला कपाटात ठेवा," तो म्हणाला. "वाईट नाही तो. फक्त भट्टीपासून लांब ठेवा."

रंगारीकाका नाक शिंकरत म्हणाले, "हे मला सहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर—"

"तर काय?" ताई खेकसली. "तुम्हाला तरी माहीत होतं का?"

"नव्हतं. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

ताईला हसू फुटलं आणि लगेच रडू. भट्टीवरचा रस मात्र कुणाच्या हसण्यारडण्यासाठी थांबणारा नव्हता. वहिनीने सुईकडे बघितलं. आता ओतलं नाही तर सगळं खाली घेऊन पुन्हा मांडावं लागणार होतं.

"भावजी," ती म्हणाली, "रस तयार आहे."

धाकट्याने खुंट्यांकडे बघितलं. थोरल्याने आपला एप्रन सोडला आणि पुढे केला. हात पुढेच राहिला. धाकट्याने तो घेतला नाही, पण झिडकारलाही नाही. "राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "तुला लागेल."

तेव्हा वहिनी पुसायच्या टेबलाशी गेली. फडक्यांच्या ढिगात तिने हात घातला आणि चाचपून एक काढलं. निळं, जाड, वंगणाने काळं पडलेलं, एका कोपऱ्यात अजून अर्धा खिसा शिल्लक असलेलं. खिशावर ठिणगीने पडलेलं एक भोक होतं. ते तिने त्याला दिलं.

त्याने ते ओळखलं. वहिनीची मान खाली गेली. "मीच फाडला," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नव्हतं मला."

फडकं दोनदा घडी घालून त्याने पट्ट्यात खोचलं, पोटावरून पुढे येईल असं, आणि यंत्राशी उभा राहिला. तिने पळीने रस भरला. त्याने दांडा धरला, पाय रोवले आणि खेचला. यंत्र खडखडलं, दोन्ही जबडे दाबले गेले. क्षणभर थांबून त्याने साचा उघडला. साच्यातल्या खिळ्यांनी ढकललेली टपालगाडी बाहेर आली: अजून बिनरंगाची, पांढुरकी, दारावरच्या टपालपेटीच्या फटीपर्यंत रेघ न रेघ उमटलेली. कडेने पापुद्र्यासारखा जास्तीचा धातू लोंबत होता. वहिनीने ती चिमट्यात घेतली. इतकी वर्षं पहिली गाडी ती नवऱ्याच्या हातात देई, तपासायला. तिने ती आप्पांसमोर धरली. आप्पांनी मान हलवली आणि धाकट्याकडे बोट केलं.

धाकट्याने गाडी फिरवून बघितली. "कपाटात नको," तो म्हणाला. "ही मी घरी नेणार. पोरीला."

"ने," आप्पा म्हणाले.

थोरला केव्हाच कानशीच्या स्टुलावर जाऊन बसला होता. नवशिके बसतात तिथे, कडा घासायला. त्याला तिथे कुणी बसवलं नव्हतं. एप्रन मांडीवर घेऊन तो कानस उलटसुलट करत होता. वहिनी गाडी घेऊन गेली आणि तिने ती त्याच्यासमोर ठेवली.

"तू तरी बोलशील ना माझ्याशी?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. लोंबणाऱ्या कडेवर बोट ठेवलं.

"इथून घासा. जपून," ती म्हणाली. "ही टिकणार आहे."